'सिस्टिम हॉल्टेड' दिसतं, पण पंखा फिरतच राहतो: लिनक्स मशीन कमांडने खरंच बंद कसं करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजच्या लॅबमध्ये ३० मशीन आहेत. बहुतेकांवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार), दोनांवर फ्रीबीएसडी (युनिक्स घराण्यातली वेगळी सिस्टिम). संध्याकाळी सगळी एका जागेवरून, एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवण्याच्या सोयीने) बंद करायची आहेत. काही नीट बंद होतात. काहींच्या पडद्यावर 'सिस्टिम हॉल्टेड' येतं आणि पंखा चालूच राहतो. काही दीड मिनिट अडकून बसतात. दोन तर बंद होतात आणि लगेच आपोआप पुन्हा चालू होतात. हे सगळं एकाच उपायाने सुटेल का?

नाही सुटणार. ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं मूळ वेगळ्या थरात आहे. म्हणून सेटिंग बदलत सुटण्याआधी बिघडलेल्या मशीनला मॉनिटर लावा, कमांड द्या आणि पडद्यावरची शेवटची ओळ वाचा. निम्मं निदान तिथेच होतं. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना मूळ स्पेलिंग वापरा. फाइल आणि डिरेक्टरीच्या पत्त्यात स्लॅशच्या जागी आडवी रेघ आहे. पर्यायाचं अक्षर लहान की मोठं याने अर्थ बदलतो, म्हणून जिथे महत्त्वाचं आहे तिथे तसं सांगितलं आहे.)

आधी एक गैरसमज दूर करू. शटडाऊनची कमांड स्वतः वीज तोडत नाही. ती इनिटला (सेवा सुरू-बंद करणाऱ्या मूळ प्रोग्रामला), म्हणजे आज बहुतेक ठिकाणी सिस्टिमडीला, सांगते की आता आवराआवर कर. सिस्टिमडी सेवा थांबवतो, उरलेल्या प्रोसेसना आधी सिगटर्म (थांबण्याची विनंती) आणि न ऐकणाऱ्यांना सिगकिल (सक्तीने मारणं) पाठवतो, स्वॅप बंद करतो, फाइलसिस्टिम अनमाउंट करतो आणि शेवटी कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) 'रीबूट' नावाचा सिस्टिम कॉल करतो. नाव रीबूट असलं तरी थांबणं, वीज तोडणं आणि पुन्हा सुरू होणं ही तिन्ही कामं तोच करतो, फक्त सोबतचा आकडा वेगळा. चुकून कोणी हा कॉल करू नये म्हणून त्याला आणखी दोन 'जादूचे' आकडेही द्यावे लागतात. त्यातला दुसरा हेक्साडेसिमलमध्ये लिहिला तर २८१२१९६९ असा दिसतो, म्हणजे लिनस टॉरवाल्ड्सची जन्मतारीख.

यानंतर कर्नल डिस्कना थांबायला सांगतो आणि एसीपीआयच्या (वीज सांभाळण्याच्या मानकाच्या) एस-५, म्हणजे 'पूर्ण बंद' अवस्थेत जातो. म्हणजे बायोसच्या तक्त्यातून एस-५साठीची किंमत वाचतो आणि मदरबोर्डच्या पॉवर मॅनेजमेंट रजिस्टरमध्ये ती किंमत व 'स्लीप एनेबल' हा बिट लिहितो. मग चिपसेट एसएमपीएसच्या (केबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) हिरव्या तारेवरची पकड सोडतो. २४ पिनांच्या कनेक्टरवर ही १६ नंबरची पिन. ती जमिनीला ओढलेली असेपर्यंत एसएमपीएस चालू राहतो, सोडली की बंद होतो. ९ नंबरच्या जांभळ्या तारेवरचे ५ व्होल्ट मात्र भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत राहतातच. बटण दाबून किंवा नेटवर्कवरून मशीन उठतं ते त्यावरच. १९९५ साली एटीएक्स येण्याआधीच्या एटी केबिनेटमध्ये खटका थेट मुख्य विजेवर असायचा, त्यामुळे सॉफ्टवेअरला वीज तोडण्याची सोयच नव्हती. 'आता मशीन बंद करायला हरकत नाही' एवढंच सांगून सिस्टिम थांबायची. 'हॉल्ट' हा त्याच काळाचा वारसा.

आता पहिलं दुखणं. शेवटची ओळ 'रीबूट: सिस्टिम हॉल्टेड' असेल तर सर्वांत आधी स्क्रिप्टमध्ये काय लिहिलंय ते बघा. बहुतेक वेळा तिथे नुसतं 'हॉल्ट' असतं. जुन्या सिसव्ही इनिटच्या डेबियनमध्ये एटीसी-डिफॉल्ट-हॉल्ट या फाइलमध्ये 'हॉल्ट=पॉवरऑफ' असं लिहिलेलं असे, त्यामुळे आवराआवर संपल्यावर वीजही जायची. डेबियन ८ पासून, म्हणजे २०१५ पासून, सिस्टिमडी आला आणि तो शब्दाला जागतो: हॉल्ट म्हणजे फक्त थांब, वीज तोडू नकोस. त्याआधीच्या काळातली स्क्रिप्ट नव्या मशीनवर पंखे चालू ठेवते ती यामुळे. उपाय एका शब्दाचा: 'हॉल्ट'ऐवजी 'पॉवरऑफ', किंवा 'सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ', किंवा 'शटडाऊन -एच नाऊ'. गंमत अशी की शटडाऊनमधला लहान एच हॉल्टवरून आलेला असला तरी सिस्टिमडीमध्ये त्याचा अर्थ वीज तोडणे असाच आहे. खरंच नुसतं थांबवायचं असेल तर मोठा एच. नवीन स्क्रिप्टमध्ये मोठा पी लिहावा, म्हणजे वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

कमांड बरोबर असूनही 'हॉल्टेड' येत असेल तर कर्नलकडे वीज तोडण्याचा मार्गच नाही असा त्याचा अर्थ. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) एसीपीआय शोधा. 'सपोर्ट्स एस-० एस-३ एस-४ एस-५' अशा धर्तीची ओळ दिसायला हवी. ती नसेल तर प्रॉक-सीएमडीलाइन (बूट होताना कर्नलला दिलेले पर्याय) वाचा. कधीतरी इन्स्टॉल होताना मशीन लटकलं म्हणून कोणीतरी ग्रबमध्ये (बूट करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) 'एसीपीआय=ऑफ' घातलेलं असतं आणि ते तसंच राहून गेलेलं असतं. ते काढा, 'अपडेट-ग्रब' चालवा, पुन्हा बूट करा.

तिसरी शक्यता: शेवटची ओळ 'रीबूट: पॉवर डाऊन' आहे आणि तरी पंखा फिरतोय. म्हणजे कर्नलने आपलं काम केलं, पुढे बायोस किंवा हार्डवेअरने केलं नाही. इथे एक सोपी चाचणी आहे. पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरा. हा मार्ग ऑपरेटिंग सिस्टिमला वळसा घालून थेट चिपसेटमधून जातो. याने मशीन बंद झालं तर एसएमपीएस आणि हिरवी तार ठीक आहेत, दोष बायोसच्या एसीपीआय तक्त्यात किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे. बायोस अपडेट करा, सीएमओएसची सेटिंग मूळ स्थितीत आणा, यूएसबीची जादा उपकरणं काढून बघा. बटण धरूनही बंद होत नसेल तर कमांडशी खेळू नका, दुसरा एसएमपीएस लावून बघा.

दीड मिनिट अडकण्याचं दुखणं पूर्ण वेगळं. पडद्यावर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर' असं लिहून पुढे एखाद्या सेवेचं नाव आणि घड्याळ दिसतं. सिस्टिमडी प्रत्येक सेवेला थांबायला ठरावीक वेळ देतो. 'डिफॉल्टटाइमआउटस्टॉपसेक'ची मूळ किंमत ९० सेकंद आहे. ती सिस्टिम.कॉन्फमध्ये १० करून टाका असा सल्ला सर्रास दिला जातो. लॅबच्या साध्या मशीनवर त्याने फारसं बिघडणार नाही, पण ज्या मशीनवर मारियाडीबी किंवा पोस्टग्रेस चालतो तिथे हे करू नये. डेटाबेसला मेमरीतलं डिस्कवर उतरवायला कधी कधी खरंच वेळ लागतो. आधी अडकणारी सेवा कोणती ते शोधा आणि फक्त तिचा 'टाइमआउटस्टॉपसेक' कमी करा.

अडकलेली सेवा शोधायला पुढच्या बूटनंतर 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' चालवा, मागच्या बूटच्या नोंदीचा शेवट दिसेल. मागचं काहीच दिसत नसेल तर जर्नल फक्त मेमरीत ठेवलं जातंय. व्हार-लॉग-जर्नल ही डिरेक्टरी बनवा आणि एकदा रीबूट करा. याने भागलं नाही तर 'डीबग-शेल' ही सेवा सुरू करा. शटडाऊन चालू असताना कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-९ दाबलं की रूटचं (सर्वाधिकारी युजरचं) शेल मिळतं, तिथे 'सिस्टिमसीटीएल लिस्ट-जॉब्स' म्हटलं की कोण कोणासाठी थांबलंय ते दिसतं. या शेलला पासवर्ड नसतो. काम झालं की सेवा त्याच दिवशी बंद करा, विद्यार्थ्यांच्या लॅबमध्ये तर नक्कीच.

लॅबमध्ये अडकण्याचं नेहमीचं कारण एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनची डिस्क वापरणं. होम डिरेक्टरी सर्व्हरवरून माउंट केलेली असते आणि सर्व्हर आधी बंद होतो. मग क्लायंट अनमाउंट करायला जातो, समोर कोणी नाही, आणि 'हार्ड' माउंट असल्याने तो वाट बघत बसतो. 'सॉफ्ट' माउंट हे त्यावरचं औषध नव्हे. त्यात लिहिताना नेटवर्क डळमळलं तर फाइल अर्धवट राहू शकते. क्रम बदला: आधी सगळे क्लायंट, मग सर्व्हर. आणि एफएसटॅबमध्ये (माउंटची यादी असलेल्या फाइलमध्ये) त्या ओळीला '_नेटडेव्ह' आहे ना ते बघा, म्हणजे नेटवर्क पडण्याआधी अनमाउंट होईल.

बंद होऊन लगेच उठणारी दोन मशीन. ही मुळात बंद होतात, त्यांना कोणीतरी उठवतं. संशयित दोन: नेटवर्क कार्डचं वेक-ऑन-लॅन आणि यूएसबी कंट्रोलर. 'ईथटूल'ला नेटवर्क इंटरफेसचं नाव द्या आणि 'वेक-ऑन' ही ओळ बघा. 'जी' म्हणजे फक्त जादूच्या पॅकेटवर (मशीन उठवण्यासाठीच पाठवलेल्या खास संदेशावर) उठेल, 'डी' म्हणजे बंद. 'यू', 'एम' किंवा 'बी' असेल तर लॅबमधल्या साध्या रहदारीनेही मशीन उठू शकतं. '-एस' (लहान एस) देऊन 'डब्ल्यूओएल डी' करा आणि पुन्हा बंद करून बघा. ही सेटिंग रीबूटनंतर टिकेलच असं नाही, तेव्हा नेटवर्कच्या कॉन्फिगरेशनमध्येही लिहा. फरक पडला नाही तर प्रॉक-एसीपीआय-वेकअप ही फाइल वाचा. तिथे 'एक्सएचसी' या नावासमोर 'एनेबल्ड' असेल तर ते नाव त्याच फाइलमध्ये 'एको'ने लिहा, की ते 'डिसेबल्ड' होतं. पुन्हा लिहिलं तर पुन्हा चालू होतं, म्हणून स्क्रिप्टमध्ये डोळे झाकून टाकू नका. बायोसमध्ये 'ईआरपी' असा पर्याय असेल तर तो चालू केल्यावर बंद अवस्थेतली जवळजवळ सगळी वीज तोडली जाते आणि हा उपद्रव मुळातून जातो. पण मग सकाळी नेटवर्कवरून मशीन उठवता येणार नाही. दोन्ही हवं असेल तर ईआरपी बंद ठेवून वेक-ऑन-लॅन 'जी'वर ठेवा.

आता मुख्य काम, ३० मशीन एका कमांडने.

एसएसएचवरून आलेल्या साध्या युजरला शटडाऊनची परवानगी नसते. समोर बसलेल्याला मेनूतून मशीन बंद करता येतं ते पोलकिट या परवानग्या ठरवणाऱ्या सेवेमुळे, कारण त्याचं सेशन स्थानिक आणि सक्रिय मानलं जातं. दूरच्या सेशनला ती सवलत नाही. शिवाय डेबियनवर साध्या युजरच्या पाथमध्ये यूएसआर-एसबिन नसतं, त्यामुळे नुसतं 'शटडाऊन' लिहिलं की 'कमांड नॉट फाउंड' येतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. रूटचं लॉगिन उघडू नका. प्रत्येक मशीनवर एक वेगळा युजर बनवा, त्याची एसएसएच की ठेवा, आणि 'व्हीसुडो'ने सुडोअर्समध्ये (कोणाला रूटच्या कोणत्या कमांड चालवता येतील ते लिहिलेल्या फाइलमध्ये) त्याला एकच गोष्ट विनापासवर्ड करू द्या: पूर्ण पाथसकट, पर्यायांसकट शटडाऊनची ती एक ओळ. पर्याय लिहिले नाहीत तर तो शटडाऊन हव्या त्या पर्यायांनी चालवू शकेल.

स्क्रिप्टमध्ये मशीनची यादी फाइलमधून 'व्हाइल रीड'ने वाचत असाल तर एसएसएचला '-एन' (लहान एन) द्यायलाच हवं. नाहीतर पहिलंच एसएसएच यादीचा उरलेला भाग स्वतःचं इनपुट समजून गिळतं आणि फक्त पहिलं मशीन बंद होतं. सोबत 'बॅचमोड=यस' आणि 'कनेक्टटाइमआउट=५' द्या, म्हणजे आधीच बंद असलेल्या मशीनपाशी स्क्रिप्ट ताटकळणार नाही. 'नाऊ'ऐवजी '+१' द्या. त्याचे दोन फायदे. एसएसएचचं सेशन नीट मिटतं. 'नाऊ' दिलं की जोडणी मध्येच तुटून २५५ हा एरर कोड येतो आणि बंद झालेलं मशीनही स्क्रिप्टला नापास वाटतं. आणि कोणी प्रॅक्टिकल लिहीत बसलं असेल तर त्याच्या टर्मिनलवर सूचना जाते, सेव्ह करायला एक मिनिट मिळतं. वेळ दिलीच नाही तरी सिस्टिमडी एक मिनिटच धरतो. विचार बदलला तर 'शटडाऊन -सी', लहान सी. नुसती सूचना द्यायची असेल तर '-के'.

हाच लहान सी फ्रीबीएसडीवर टाकू नका. तिथे त्याचा अर्थ रद्द करणे नव्हे, तर वीज तोडून पुन्हा जोडणे असा आहे, आणि हार्डवेअरला ते जमत नसेल तर मशीन रीबूट होतं. फ्रीबीएसडीवर ठरवलेलं शटडाऊन रद्द करायला 'पीकिल शटडाऊन' पुरतं. तुमच्या त्या दोन मशीनवर वीज जात नसेल तर कारण तेच असणार: तिथे '-एच' म्हणजे खरोखर हॉल्ट. 'प्रेस एनी की टू रीबूट' लिहून ते थांबतं. तिथे 'शटडाऊन -पी नाऊ' लिहायचं, पी लहान. ओपनबीएसडीवर '-एचपी' असं दोन्ही. फ्रीबीएसडीत 'ऑपरेटर' गटातल्या युजरला शटडाऊन चालवता येतं, पण त्या गटाला डिस्क थेट वाचण्याचीही मुभा असते, म्हणून विद्यार्थ्याला त्यात टाकू नये. आणि कधी सोलारिसपुढे बसायची वेळ आली तर लक्षात असू द्या: 'इनिट ५' लिनक्सवर ग्राफिकल लॉगिन देतं, सोलारिसवर मशीन बंद करतं.

चुकीच्या खिडकीत कमांड टाकून लॅबच्या मशीनऐवजी सर्व्हर झोपवणं ही अगदी नेहमीची चूक. सर्व्हरवर डेबियनचं 'मॉली-गार्ड' हे पॅकेज टाका. एसएसएचवरून शटडाऊन दिलं की ते मशीनचं नाव टाइप करायला लावतं, चुकलं तर काही करत नाही. हे नाव जुनं आहे: एका प्रोग्रामरच्या मॉली नावाच्या चिमुरडीने आयबीएम ४३४१ मेनफ्रेमचा लाल खटका एकाच दिवसात दोनदा ओढला, तेव्हा त्यावर बसवलेलं प्लॅस्टिकचं झाकण म्हणजे मॉली-गार्ड.

मशीन बंद झालं हे दुरून कसं ओळखायचं? पिंगवर विसंबू नका. पिंगला उत्तर येत नाही याचा अर्थ एवढाच की नेटवर्क पडलं. हॉल्ट होऊन पंखा फिरवणारं मशीनही उत्तर देत नाही. स्विचवरचा दिवाही फसवतो, वेक-ऑन-लॅन चालू असेल तर बंद मशीनचाही दिवा लागलेला राहतो. सर्व्हरमध्ये बीएमसी (मशीन बंद असतानाही चालणारी देखरेखीची चिप) असेल तर 'आयपीएमआयटूल'चं 'चॅसिस पॉवर स्टेटस' खरं सांगतं. लॅबसाठी पहिले काही दिवस एक फेरी मारण्याला पर्याय नाही.

नीट बंद झालं होतं का, हे दुसऱ्या दिवशीही तपासता येतं. 'लास्ट -एक्स'मध्ये प्रत्येक रीबूटच्या आधी शटडाऊनची नोंद हवी. ती नसेल तर वीज मध्येच गेली. डिस्कचं मत 'स्मार्टसीटीएल -ए' सांगतं (एनव्हीएमई असेल तर लहान ए, साध्या हार्ड डिस्कचा तक्ता हवा असेल तर मोठा). एनव्हीएमईवर 'अनसेफ शटडाऊन्स' हा आकडा बघा, हार्ड डिस्कवर बहुधा १९२ नंबरचा 'पॉवर-ऑफ रिट्रॅक्ट'. कमांडने बंद करूनही हा आकडा रोज वाढत असेल तर डिस्क आवरायच्या आत वीज जातेय. बहुतेकदा शिपाई पडदा काळा झाला की लगेच भिंतीवरचं बटण बंद करतो, एवढंच कारण निघतं.

मशीन पूर्ण गोठलं, एसएसएचही लागत नाही, तर बटण धरण्याआधी सिसआरक्यू (थेट कर्नलला आदेश देणाऱ्या कळा) वापरा. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून क्रमाने एस, यू, ओ: डिस्कवर लिही, फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती कर, वीज तोड. प्रत्येक अक्षरानंतर दोन-तीन सेकंद थांबा. उबुंटूवर याची मूळ किंमत १७६ असते, म्हणजे १२८, ३२ आणि १६ ही तीन कामं चालू, म्हणून ही तिन्ही अक्षरं चालतात. प्रोसेस मारणारी ई आणि आय चालत नाहीत. 'सिस्टिमसीटीएल पॉवरऑफ'ला '-एफ' दोनदा देणं हे याहून वाईट. त्यात अनमाउंटही होत नाही, जवळजवळ प्लग ओढल्यासारखंच. व्हर्च्युअल मशीनवर 'व्हर्श डिस्ट्रॉय'चंही तेच. तिथे 'व्हर्श शटडाऊन' वापरा. ते गेस्टला पॉवर बटण दाबल्याचा इशारा देतं.

शेवटी यूपीएस, कारण लाइट जाते तिथे खरी परीक्षा त्याची. यूपीएस ज्या मशीनला यूएसबीने जोडला आहे तिथे 'नट' (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवा. बॅटरी संपत आली की त्यातला 'अपएसमॉन' शटडाऊन चालवतो. एका यूपीएसवर अनेक मशीन असतील तर यूएसबी असलेलं मशीन प्रायमरी, बाकीची सेकंडरी. सेकंडरी आधी बंद होतात. इथे एक सापळा आहे. मशीन बंद झालं, पण यूपीएसमध्ये अजून थोडा जीव आहे आणि तेवढ्यात लाइट आली. आउटपुट कधी तुटलंच नाही, त्यामुळे बायोसमध्ये 'वीज परत आली की चालू हो' असं लावलेलं असूनही मशीन उठत नाही. म्हणून शटडाऊनच्या अगदी शेवटी 'अपएसडीआरव्हीसीटीएल शटडाऊन' ही कमांड यूपीएसचं आउटपुटच तोडते: लाइट आलेली असेल तर काही सेकंदांसाठी, नसेल तर ती येईपर्यंत. त्यासाठी 'पॉवरडाऊनफ्लॅग' ही ओळ कॉन्फिगरेशनमध्ये हवी. ती नसेल तर बाकी सगळं चालतं आणि हे एकच होत नाही. आउटपुट तुटायला उशीर किती आहे तेही बघा. तो सर्वांत हळू बंद होणाऱ्या मशीनपेक्षा जास्त हवा. चाचणीसाठी 'अपएसमॉन -सी एफएसडी' आहे. ती खोटी चाचणी नाही, त्या यूपीएसवरचं सगळं खरोखर बंद होतं, म्हणून लॅब रिकामी असताना करा.